ब्राउझर कोरा उघडला, तर आधी तो बंद करा

"माझे सगळे पासवर्ड गेले," असा फोन आला की मी समोरच्याला आधी एकच विचारते: तेव्हापासून आत्तापर्यंत तुम्ही काय काय केलंत? कारण ब्राउझरचं प्रोफाइल, म्हणजे तुमचे बुकमार्क, इतिहास आणि पासवर्ड ज्यात राहतात ते फोल्डर, हरवतं तेव्हा पासवर्ड बहुतेक वेळा जागच्या जागीच असतात. ते खरे जातात त्यानंतरच्या तासाभरात. माणूस घाबरतो, ब्राउझर काढून टाकून पुन्हा बसवतो, जिथे 'रीसेट' दिसेल तिथे दाबतो, कोणीतरी सुचवलेलं क्लीनर चालवतो. जे शाबूत होतं तेही त्या धावपळीत जातं.

कार्यालयातल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे, आणि ओळखीतल्यांचेही लॅपटॉप माझ्याकडे येतात. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ब्राउझर कोरा उघडला, म्हणजे बुकमार्क नाहीत, इतिहास नाही, साठवलेले पासवर्ड नाहीत, तर सगळ्यात आधी तो बंद करा. नवीन काही साठवू नका, कुठल्या खात्यात साइन इन करू नका. मग प्रोफाइलचं अख्खं फोल्डर शोधून पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत घ्या. पुढची सगळी खटपट करताना ती प्रत बाजूला, न उघडलेली राहू द्या. प्रत असली की चुकीला जागा मिळते.

फोल्डर सापडायला जरा आडवाट आहे. विंडोजमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात 'ॲपडेटा' नावाचं फोल्डर असतं, पण ते लपवलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दाखवायला सांगितलं की ते दिसतं. त्यात 'रोमिंग', मग 'मोझिला', 'फायरफॉक्स', 'प्रोफाइल्स' असं उतरत गेलं की फायरफॉक्सची प्रोफाइलं मिळतात. क्रोमचं सामान 'रोमिंग'मध्ये नसतं. ते 'लोकल'मध्ये 'गूगल', 'क्रोम', 'यूझर डेटा' असं असतं, आणि एजचं 'लोकल'मध्येच 'मायक्रोसॉफ्ट'खाली त्याच रचनेत. मॅकवर हे सगळं 'लायब्ररी'तल्या 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये सापडतं.

आता प्रोफाइल हरवतं म्हणजे नक्की काय होतं ते बघू. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत फोल्डर हरवलेलंच नसतं, ब्राउझर भलत्याच फोल्डराकडे बघत असतो. फायरफॉक्समध्ये 'प्रोफाइल्स.आयएनआय' नावाची एक छोटी फाइल असते. कोणतं प्रोफाइल कुठे आहे, एवढीच नोंद तिच्यात असते. २०१९ साली आलेल्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल मिळतं. दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांनी एकाच प्रोफाइलमध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून केलेली ती सोय आहे. पण फायरफॉक्स दुसऱ्या फोल्डरात पुन्हा बसवला की तो नवं प्रोफाइल उघडू शकतो, आणि जुनं शेजारीच पडून असतं. नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला गेलात तरी तो अडवतो आणि नवं प्रोफाइल करायला सुचवतो.

आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचं नेमकं हेच झालं होतं. प्रोफाइल्सच्या फोल्डरात दोन फोल्डरं होती. दोन्हींच्या नावात आधी आठ विस्कळीत अक्षरं-आकडे, मग टिंब, मग 'डीफॉल्ट'सारखा शब्द. एकाची तारीख त्याच दिवसाची आणि आकार किरकोळ. दुसऱ्याचा आकार भरभक्कम आणि तारीख आदल्या संध्याकाळची. अशा वेळी नावाकडे बघू नका, आकार आणि तारीख बघा. दोन्हींची प्रत घेतली, फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट:प्रोफाइल्स' टाइप केलं, भरभक्कम प्रोफाइलखालचं डीफॉल्ट करायचं बटण दाबलं आणि फायरफॉक्स पुन्हा सुरू केला. सगळं जागेवर. पुन्हा सुरू होईपर्यंत तो सहकारी खुर्चीवर बसला नव्हता.

क्रोममध्ये हाच गोंधळ वेगळ्या रूपात होतो. 'यूझर डेटा'त पहिलं प्रोफाइल 'डीफॉल्ट' नावाच्या फोल्डरात असतं, पुढची 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' अशी. पडद्यावर तुम्ही प्रोफाइलला काहीही नाव दिलेलं असो, डिस्कवर ते याच नावांनी राहतं. आत्ता कोणतं प्रोफाइल चालू आहे ते पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम:' आणि दोन तिरप्या रेघांपुढे 'व्हर्जन' लिहून कळतं. तिथे 'प्रोफाइल पाथ' दिलेला असतो.

कधी कधी ब्राउझरचा काही संबंधच नसतो. विंडोज सुरू झाल्यावर डेस्कटॉपही रिकामा, वॉलपेपरही मूळचा, आणि कोपऱ्यात तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन झाल्याची सूचना दिसते. म्हणजे विंडोजला तुमचं स्वतःचं वापरकर्ता-प्रोफाइल उघडता आलं नाही, म्हणून त्यानं काम भागवायला 'टेम्प' नावाचं दुसरं दिलं. तुमचं खरं फोल्डर 'सी' ड्राइव्हवर 'यूझर्स'मध्ये बहुधा जसंच्या तसं असतं. या अवस्थेत काहीही साठवू नका, कारण साइन आउट होताच तात्पुरतं प्रोफाइल पुसलं जातं. आधी खऱ्या फोल्डराची प्रत घ्या, मग विंडोजची दुरुस्ती करा.

आता मुख्य गोष्ट. साठवलेले पासवर्ड ब्राउझर कधीच उघडे ठेवत नाही. तिजोरी एकीकडे आणि तिची किल्ली दुसरीकडे, अशी ती मांडणी आहे, आणि लोक जिवाच्या आकांतानं फक्त तिजोरी वाचवतात.

फायरफॉक्सपुरतं हे सोपं आहे, कारण दोन्ही वस्तू एकाच फोल्डरात असतात. 'लॉगिन्स.जेसन' या फाइलीत एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, पासवर्ड आणि 'की४.डीबी' या फाइलीत ते उघडायची किल्ली. या दोन फाइली एकाच प्रोफाइलमधल्या हव्यात. एका प्रोफाइलची 'लॉगिन्स' आणि दुसऱ्याची 'की४' अशी मोट बांधून काहीही उघडत नाही. दोन्ही मिळाल्या, की नवं प्रोफाइल करायचं, फायरफॉक्स पूर्ण बंद करायचा, त्या नव्या प्रोफाइलच्या फोल्डरात दोन्ही फाइली टाकायच्या आणि सुरू करायचा. बाकीचं जुनं प्रोफाइल कितीही मोडलेलं असलं तरी पासवर्ड येतात. 'लॉगिन्स.जेसन' खराब झाली असेल तर शेजारी 'लॉगिन्स-बॅकअप.जेसन' आहे का बघा. तिचं नाव बदलून वापरता येतं. २०१८ च्या आधीचं जुनं प्रोफाइल असेल तर त्यात 'की४'ऐवजी 'की३.डीबी' असेल, त्यामुळे 'की४' दिसली नाही म्हणून हातपाय गाळू नका.

प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचा फायरफॉक्सचा एक मुख्य पासवर्ड, ठेवला असेल तर मात्र तो आठवायलाच हवा. 'की४'मधली किल्ली त्या पासवर्डनं झाकलेली असते. तो विसरल्यावर रीसेट करता येतो, पण त्या रीसेटमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात. आणि प्रायमरी पासवर्ड ठेवलाच नसेल, तर त्या दोन फाइली ज्याच्या हाती लागतील त्याला तुमचे सगळे पासवर्ड वाचता येतील. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की तो ठेवा, आणि कागदावर लिहून घरात जपून ठेवा.

क्रोम, एज आणि त्या कुळातल्या ब्राउझरांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिथे तिजोरी म्हणजे प्रोफाइलच्या फोल्डरातली 'लॉगिन डेटा' नावाची फाइल. किल्ली 'यूझर डेटा'त, एक पायरी वर, 'लोकल स्टेट' नावाच्या फाइलीत असते. पण ती किल्लीही उघडी नसते. विंडोज ती आपल्याकडच्या दुसऱ्या एका किल्लीनं बंद करून ठेवतं, ती दुसरी किल्ली 'रोमिंग'मधल्या 'मायक्रोसॉफ्ट'खाली 'प्रोटेक्ट' फोल्डरात असते, आणि साध्या स्थानिक खात्यात, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी न जोडलेल्या खात्यात, ती उघडते तुमच्या विंडोजच्या साइन इन पासवर्डनं. २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून ही रचना आहे. म्हणून जुन्या डिस्कवरून 'लॉगिन डेटा' तेवढी उचलून नव्या संगणकावर टाकली तर पासवर्ड येत नाहीत, आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली. फाइल चांगली असते, किल्ली मागे राहिलेली असते. मॅकवर हीच किल्ली कीचेनमध्ये, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या पासवर्डपेटीत, 'क्रोम सेफ स्टोरेज' या नावानं असते, आणि कीचेन मॅकच्या साइन इन पासवर्डशी बांधलेली असते.

माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर हे सगळं फार जवळून बघायला मिळालं. ती विंडोजचा पासवर्ड विसरली. ओळखीच्या एका मुलानं मदत म्हणून लॅपटॉपवरच्या दुसऱ्या ॲडमिन खात्यातून तिच्या खात्याला नवा पासवर्ड दिला. त्यानं मनापासूनच केलं. पण स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलणं वेगळं आणि बाहेरून कोणी तो रीसेट करणं वेगळं. स्वतः बदलताना विंडोज जुन्या पासवर्डनं 'प्रोटेक्ट'मधली किल्ली उघडून नव्या पासवर्डनं पुन्हा बंद करतं. बाहेरून रीसेट केला तर जुना पासवर्ड त्याला माहीतच नसतो, त्यामुळे ती किल्ली बंदच राहते.

नशीब एवढं की खातं उघडल्यावर मावशीनं आधी मला फोन केला.

"ब्राउझर उघडलास का गं?"

"नाही गं. म्हटलं आधी तुला विचारावं."

हा प्रश्न मी का विचारला ते सांगते. क्रोम सुरू होताना 'लोकल स्टेट'मधली किल्ली उघडायचा प्रयत्न करतो. ती उघडली नाही, तर तो नवी किल्ली तयार करून त्याच फाइलीत जुनीच्या जागी लिहितो. पुढचं काम अडू नये म्हणून हे ठीकच आहे, पण जुनी किल्ली त्या क्षणी कायमची जाते. मग जुना पासवर्ड आठवूनही उपयोग नाही.

मी गेल्यावर ॲडमिन खात्यातून तिचं पूर्ण 'यूझर डेटा' फोल्डर आणि 'प्रोटेक्ट' फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं. आता प्रश्न जुन्या पासवर्डचा होता. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितलेला उपाय आहे की जुना पासवर्ड आठवत असेल तर खात्याला तोच पुन्हा द्यावा. मग बंद राहिलेली किल्ली उघडते. मावशीला तोंडानं काही केल्या तो सांगता येईना. भाचरांच्या नावांवरून केलेला आहे, पुढे काही आकडे आहेत, एवढंच तिला ठाऊक होतं. मी नोटपॅड उघडून लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "विचार करू नकोस, रोज सकाळी टाइप करायचीस तसं नुसतं कर." तिच्या बोटांनी तो अर्ध्याहून जास्त लिहिला. मग थांबली, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिच्या बोटांतून उतरलेली दोन-तीन रूपं आम्ही टिपून घेतली.

पहिलं रूप खात्याला दिलं, साइन इन केलं, क्रोम उघडला. पासवर्डांचं पान रिकामं. म्हणजे अंदाज चुकला होता, आणि त्या उघडण्यात 'लोकल स्टेट'वर नवी किल्ली लिहिली गेली होती. प्रत होती म्हणून काही बिघडलं नाही. क्रोम बंद केला, पेन ड्राइव्हवरचं फोल्डर मूळ जागी परत ठेवलं, आणि पुढचं रूप दिलं. त्यात पहिलं अक्षर कॅपिटल होतं. या वेळी पान भरलं. वीजबिल, बँक, पेन्शन, फोटोंचं खातं, सगळ्या ओळी एकाखाली एक. मावशीनं त्या मोठ्यानं वाचल्या.

ही युक्ती पिनवर चालत नाही; किल्ली बांधलेली असते ती खात्याच्या पासवर्डशी. आणि २०२४ च्या क्रोम १२७ पासून विंडोजवर त्याच अंगाचं आणखी एक संरक्षण यायला लागलं, त्याची सुरुवात कुकींपासून, म्हणजे साइटींनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींपासून, झाली. त्यामुळे क्रोमच्या फाइली दुसऱ्या यंत्रावर नेऊन उघडण्याची आशा धरू नये. शक्य असेल तर त्याच यंत्रावर, त्याच खात्यात परत जावं.

सिंकबद्दल, म्हणजे एकाच खात्याचा डेटा सगळ्या उपकरणांवर सारखा ठेवण्याच्या सोयीबद्दल, थोडं. दुसऱ्या कुठल्या उपकरणावर, समजा फोनवर, तोच ब्राउझर त्याच खात्यानं चालू असेल, तर पासवर्ड तिथे आहेत. गडबडीत आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, कारण सिंक जसं भरलेलं पोचवतं तसं पुसलेलंही पोचवतं. फोनवरचे पासवर्ड तपासा, महत्त्वाचे उतरवून घ्या, मगच संगणकावर साइन इन करा. फायरफॉक्स सिंकमध्ये एक मोठी खोच आहे: सर्व्हरवरचा डेटा तुमच्या खात्याच्या पासवर्डनं एन्क्रिप्ट होतो, म्हणून रिकव्हरी की (खातं परत मिळवायला आधीच करून ठेवलेली किल्ली) नसताना तो पासवर्ड रीसेट केलात तर सर्व्हरवरचं सगळं पुसलं जाऊ शकतं. दुसऱ्या उपकरणावर अजून साइन इन असेल तर तिथली प्रत वाचवणं हे 'पासवर्ड विसरलो' दाबण्याआधीचं काम आहे. गूगलच्या बाबतीत तुम्ही वेगळा सिंक पासफ्रेज (सिंकच्या डेटावरचा स्वतंत्र पासवर्ड) ठेवला नसेल तर पासवर्ड गूगलच्या पासवर्ड मॅनेजरच्या पानावर थेट दिसतात, आणि बरेचदा सगळा शोध तिथेच संपतो.

फोल्डर खरोखर डिलीट झालं असेल तर? रिसायकल बिन बघा. विंडोज नुकतंच पुन्हा बसवलं असेल तर 'सी' ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' आहे का बघा. त्यात जुनं 'यूझर्स' फोल्डर 'ॲपडेटा'सकट असतं, पण साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपोआप काढून टाकतं. मॅकवर टाइम मशीन ही आपोआप प्रती घेणारी सोय चालू असेल तर काळजी नाही. विंडोजच्या तशाच सोयीत, फाइल हिस्टरीत, मात्र 'ॲपडेटा' आपणहून येत नाही. डिलीट केलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामांचा उपयोग फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर होतो. एसएसडीवर, म्हणजे तबकड्या नसलेल्या नव्या ड्राइव्हवर, आशा फार कमी, कारण फाइल डिलीट होताच ट्रिम नावाच्या आज्ञेनं ती जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळतं आणि ड्राइव्ह ती साफ करून टाकतो.

'एका क्लिकमध्ये पासवर्ड परत' असं म्हणणारे प्रोग्राम नेटवर ढिगानं आहेत. कृपा करून ते चालवू नका. वर सांगितलेल्या फाइली आणि किल्ल्या गोळा करून बाहेर पाठवणं हाच पासवर्डचोर व्हायरसांचा धंदा आहे, आणि घाबरलेला माणूस त्यांना स्वतःच्या हातानं परवानगी देतो.

किल्ली काही केल्या मिळाली नाही, तरी तिजोरीची फाइल फेकू नका. तिच्यात काय उघडं असतं हे फारसं कोणी सांगत नाही. क्रोमची 'लॉगिन डेटा' ही एसक्यूलाइट प्रकारची डेटाबेस, म्हणजे तक्त्यांची फाइल, आहे. तिची प्रत डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट या मोफत प्रोग्राममध्ये उघडली की 'लॉगिन्स' नावाचं टेबल दिसतं, आणि त्यात साइटचा पत्ता आणि वापरकर्ता-नाव साध्या अक्षरांत असतं. फक्त पासवर्डाचा रकाना बंद असतो. फायरफॉक्सच्या 'लॉगिन्स.जेसन'मध्ये वापरकर्ता-नावही एन्क्रिप्ट केलेलं असतं, पण साइटचा पत्ता, शेवटचा वापर केव्हा झाला आणि किती वेळा झाला हे वाचता येतं. शेवटच्या वापराप्रमाणे ती यादी लावली की कोणती खाती आधी सोडवायची ते समोर येतं. माझ्याकडे अशी यादी घेऊन बसलेल्या माणसांचा चेहरा बदलताना मी पाहिला आहे. 'सगळं गेलं' हे आता मोजता येणाऱ्या ओळींचं काम झालेलं असतं.

त्या यादीत ईमेल पहिलं. बाकी सगळ्या साइटींची पासवर्ड बदलायची वाट ईमेलातून किंवा फोन नंबरातून जाते, म्हणून ते दोन हातात असेपर्यंत घाई नाही. फोनवर किंवा घरातल्या दुसऱ्या संगणकावर कुठलंही खातं अजून उघडं असेल तर तिथून लॉग आउट करू नका. मग बँक, मग बाकीचं.

सगळं परत मिळाल्यावर पासवर्ड सीएसव्ही (साध्या यादीच्या) फाइलीत निर्यात करून केपासएक्ससी किंवा बिटवॉर्डनसारख्या स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये घ्यायला मी सुचवते. ती सीएसव्ही फाइल उघड्या अक्षरांत असते, कोणीही वाचू शकतं. मॅनेजरमध्ये सगळ्या ओळी नीट आल्या ना ते बघून ती लगेच डिलीट करा, बिनही रिकामा करा, आणि ती स्वतःला ईमेल तर मुळीच करू नका. कार्यालयातल्या फायरफॉक्सच्या संगणकांवर मी दर महिन्याला ब्राउझर बंद असताना 'लॉगिन्स.जेसन' आणि 'की४.डीबी' या दोन्ही फाइली एकत्र, एन्क्रिप्ट केलेल्या पेन ड्राइव्हवर घेते. दोन्ही मिळून फाइली लहान असतात, कामाला मिनिटभरही लागत नाही.